दाजींच्या मोटारीचा भोंगा

भूम, जिल्हा उस्मानाबाद
माहे इस्फंदार, १३५५ फसली. तुमच्या सोलापुरी हिशेबानं ता. ११ जानेवारी १९४६

चिरंजीव बब्रुवान यास,

आशीर्वाद आहेतच. त्यांचा तुला किती उपयोग होतो ते तुझ्या दुकानाकडं पाहून कळतं. दोन फळ्या, एक स्टूल आणि दारात लोंबणाऱ्या सायकलच्या ट्यूबा, याला सोलापुरात मोटारीच्या सामानाचं दुकान म्हणतात हे मला तुझ्यामुळं समजलं. तरी तू धुरपदाबाईचा धाकटा भाऊ आहेस, म्हणून काम दुसऱ्या कुणाला न सांगता तुला सांगतो आहे.

दसऱ्याला मी बार्शीच्या एका वकिलाची मोटार घेतली. आमच्या भूमला सरकारी सोडली तर हीच एक मोटार. तिच्यावर चाँदपाशा ड्रायव्हर ठेवला आहे. मोटारीला सगळं आहे. दिवे आहेत, टप आहे, पाय ठेवायला पायरी आहे. भोंगा मात्र वकिलानं आपल्या ऐपतीचा बसवलेला आहे. रबराचा फुगा दाबायचा आणि पितळी नळीतून जो काही आवाज निघेल तो ऐकायचा.

गेल्या बुधवारी आपल्या पोरीच्या, कडूच्या, सोयरिकीसाठी ढोकीजवळच्या खडकवाडीला गेलो होतो. लिंबाजी पाटलाचा मुलगा ज्ञानोबा. घर बरं आहे, रान काळं आहे, माणसं अडाणी आहेत. वेशीत शिरताना चाँदपाशानं फुगा दाबला. लिंबाजीची म्हातारी आई ओसरीवर तुरी पाखडत बसली होती. ती आतल्या बायकांना ओरडून म्हणते, “बघा गं, कुनाचं करडू सुटून आलंय!” सगळी ओसरी हसली. मी फेटा सावरत मोटारीतून उतरतो आहे आणि समोरून एक बाई खरोखरच हातात पाला घेऊन आली. घरी परतल्यावर चाँदपाशानं ही हकीकत सगळ्यांना सांगितली, आणि खुद्द कडू पदर तोंडाला लावून हसली.

महिन्याभरानं सुपारी फोडायला पुन्हा जायचं आहे. कडूचं सतरावं सरत आलं. आधीची दोन स्थळं त्या लोकांच्या नालायकीमुळं मोडली. हे तिसरं मोडलं तर चौथं दारात येणार नाही, असं तुझी बहीण रोज भाकरी थापताना मला ऐकवते. तेव्हा लिंबाजीवर छाप पडली पाहिजे. असा भोंगा पाठव, की शिवेवर वाजला तर म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडावं. मोटारीची बॅटरी अशक्त आहे हे ध्यानात ठेव. आणि स्वस्त बघ. मी चिक्कू नाही, पण भोंगा काही कुणी ताटात वाढत नाही.

महारुद्रराव


सोलापूर
ता. १९ जानेवारी १९४६

दाजी,

लांबूनच पाया पडतो, जवळ आलो तर तुम्ही आणखी काम सांगाल. तुमच्या संस्थानातले इस्फंदार, फरवर्दी महिने इथल्या टपालवाल्याला कळत नाहीत, तेव्हा कृपा करून माणसांची तारीख घालत जा.

पत्र वाचलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दोनदा वाचलं. करडाची हकीकत बायकोला वाचून दाखवली, तर तिनं शेजारणीला हाक मारली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

भोंग्यांची चौकशी केली. विजेचा भोंगा दिसायला झोकदार असतो, पण तुमच्या मोटारीला उतारावरून ढकलल्याशिवाय जाग येत नाही. तिची बॅटरी तो एकदा वाजवील आणि डोळे मिटेल. मग खडकवाडीतून बैल लावून मोटार ओढत आणायची. म्हातारीला ते फार आवडेल, पण सोयरीक राहील असं वाटत नाही. दुसरी, धुराच्या नळीला लावायची शिट्टी. ती मोटार पळत असतानाच वाजते, आणि तुमची मोटार कधी पळाल्याचं ऐकिवात नाही. तिसरा, तुमच्याकडं आहे तसलाच रबरी फुगा, पण मोठा. त्यानं करडाचं बोकड होईल इतकंच.

चौथा मात्र मला पटला. लढाई संपल्यापासून लष्कराचं भंगार ढिगानं बाजारात आलंय. त्यात हाताचा भोंगा मिळाला. वर दट्ट्या आहे. तो तळहातानं खाली दाबला की आतलं दातेरी चाक फिरतं आणि पोलादी तबकडीवर घासतं. बॅटरी नको, वायर नको. आवाज असा, की दुकानात वाजवून पाहिला तर समोरच्या टांग्याचं घोडं बिथरलं आणि पानवाल्याची टोपली घेऊन गेलं. आणि किंमत इतकी कमी, की तुम्हीसुद्धा कुरकुरणार नाही. याच ढिगातला एक तुमच्या मुलखातल्या लेव्हीच्या साहेबानं आपल्या मोटारीसाठी नेला म्हणे. म्हणजे माल सरकारी पसंतीचा आहे.

आता न विचारलेलं सांगतो. पहिलं स्थळ कुणाच्या नालायकीमुळं मोडलं नाही. पाहुणे ताटावर बसून राहिले होते आणि तुम्ही त्यांना बंदूक कशी साफ करतात ते दाखवत होता. दुसऱ्या वेळी तुम्ही मुलाच्या बापाला चारचौघांत विचारलंत, की हे बैल घरचे आहेत का आजच्यापुरते मागून आणलेत. कडूनं मला स्वतःच्या हातानं लिहिलंय, की हे घर तिला पसंत आहे. येरमाळ्याच्या जत्रेत देवीसाठी चुनखडी वेचताना तिनं ज्ञानोबाला पाहिलं. त्यानं आपली भरलेली पाटी एका थकलेल्या बाईच्या पाटीत ओतली आणि पुन्हा वेचायला वाकला. एवढ्यावर तिनं मन ठरवलं. पोरीला अक्कल आहे, ती आमच्या घराण्याकडून आलेली असणार. तेव्हा भोंगा घ्यायचा तर घ्या, पण खडकवाडीत तोंड कमी उघडा.

तुमचा मेहुणा,
बब्रुवान


भूम
ता. २६ जानेवारी, तुझ्या समजुतीसाठी इंग्रजीत

बब्रुवान,

तुझं पत्र म्हणजे पोतंभर भुसा. खरी गोष्ट तू तळाशी, तीही थट्टेत लिहिलीस. लेव्हीच्या साहेबाच्या मोटारीला तोच भोंगा आहे? मग दुसरं काही पाहायचं कारण नाही. तोच घे.

तू इंग्रजी हद्दीत राहतोस, तुला आमच्याकडचा सरकारी दरारा काय कळणार. सरकार प्रत्येक शेतकऱ्याकडून जोंधळ्याची लेव्ही घेतं, आणि हा साहेब ती वसूल करत गावोगाव फिरतो. परवा आमच्या आठवडी बाजारात त्याचा भोंगा वाजला. तागड्या जागच्या जागी थांबल्या. बसलेली माणसं उठून उभी राहिली. गुंडाप्पा वाणी तर दुकान उघडं टाकून आत गेला, इतका आदर. रस्ता मोकळा झाला. साहेब उतरला तो थेट माझ्याकडं आला आणि हातात हात घेऊन बोलला. आमच्या घरी तो जेवतो, त्यामुळं आमच्याकडं त्याला मोजमाप करायची गरज पडत नाही. त्या दिवशी मी ओळखलं, की लोक माणसाच्या आधी आवाजाला मुजरा करतात. असा भोंगा कुठं मिळतो, एवढंच माहीत नव्हतं.

आमच्या दगडोबा गड्याला पाठवतो आहे. हद्दीवर करोडगिरीचे कारकून पेट्या उघडून जकात मागत बसतात, म्हणून धुरपदाबाईचं लुगडं त्याच्याजवळ देतो, भोंगा त्यात बांधून दे.

कडूनं तुला पत्र लिहिलं हे मला आवडलेलं नाही. सुट्टीत येऊन तिला अक्षरं शिकवलीस ती तुझी चूक. तिला पसंत असो नसो, मी ठरवीन ते होईल. योगायोगानं मीही हेच ठरवलं आहे.

महारुद्रराव


सोलापूर
ता. ३१ जानेवारी १९४६

दाजी,

दगडोबा बोचकं घेऊन निघाला आहे. बसवायचं कसं ते लिहितो, चाँदपाशाला वाचून दाखवा.

भोंगा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराबाहेर येईल असा धरायचा. समोरची काच ज्या लोखंडी चौकटीत बसते त्या चौकटीला तो आवळायचा. पत्र्याला लावू नका, दोन दिवसांत पत्रा थरथरून फाटेल. चौकट आणि भोंगा यांच्यामध्ये कातड्याची चकती घालायची. ती मी दिली आहे, दगडोबानं वाटेत वहाणेला लावली नाही म्हणजे मिळवली. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडेथोडे आवळायचे, एकच आवळत बसायचं नाही. पाना सोबत आहे. दट्ट्याच्या भोकात आठवड्याला तेलाचा थेंब सोडायचा. भोंग्याचं तोंड पुढं. पुढं म्हणजे मोटार जिकडं जाते तिकडं. हे कुणालाही सांगावं लागत नाही, तुम्हाला सांगतो आहे.

गुंडाप्पा वाणी दुकान उघडं टाकून आत गेला तो आदरानं गेला, असं तुम्ही लिहिलंय. मला आपली शंका आहे. वाणी आदरानं दुकान सोडत नाही. पण मी पडलो इंग्रजी हद्दीतला माणूस.

अक्काला नमस्कार. कडूसाठी बायकोनं चोळखण दिला आहे. तो भोंग्याला गुंडाळून तेलकट करू नका.

बब्रुवान


भूम
ता. १७ फेब्रुवारी १९४६

बब्रुवान,

सोयरीक मोडली. मी मोडली. तुझ्या त्या अक्कलवान भाचीला काय सांगायचं ते तू सांग, माझ्याशी ती बोलत नाही.

आधी तुझ्या भोंग्याचं ऐक. नाक्यावरच्या कारकुनानं संशयानं बोचकं दाबून पाहिलं, तर लुगडं बोंबललं. कारकून स्टुलावरून मागं पडला. उठल्यावर त्यानं स्वतःच तो मनसोक्त वाजवला आणि दगडोबाला जाऊ दिलं. इथं आल्यावर तुझा कागद चाँदपाशाला वाचून दाखवायला घेतला, तर तो म्हणाला, “सरकार, कागद पढके काम करनेवाला मिस्त्री मैं नै. छोड दो मेरेपे.” मी सोडलं. त्यानं भोंगा तोंड आत करून बसवला. म्हणाला, पहिला हक मालकाचा. पहिल्याच दाबाला माझा कान बसला तो दोन दिवस उघडला नाही. मग त्यानं फिरवून लावला. आवाज चांगला आहे. तेवढं एक काम तुला जमलं.

ठरल्या दिवशी सुपारी, नारळ, धोतरजोडी घेऊन निघालो. मी चाँदपाशाला सांगितलं होतं, शिवेपासून सुरू कर आणि लिंबाजीच्या दारापर्यंत थांबू नको. तसाच त्यानं वाजवला. वेशीत आलो तर माणूस नाही. दारापुढच्या चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी करपते आहे, आणि माणूस नाही. पोरंसोरंसुद्धा नाहीत. लिंबाजीच्या दाराला कुलूप! अंगणाच्या मधोमध एक म्हैस बांधलेली, तिच्या पायाखाली कडबा आणि ताजं शेण पसरलेलं. मुलीचा बाप सुपारी फोडायला येणार त्या दिवशी दाराला कुलूप आणि स्वागताला म्हैस.

मी म्हटलं, वाजव. ऐकू आलं नसेल म्हणून बराच वेळ वाजवला. लांब जोंधळ्याच्या रानात एक पटका दिसायचा, आणि भोंगा वाजला की खाली बसायचा. म्हणजे माणसं होती. मुद्दाम येत नव्हती. म्हशीनं तेवढी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. शेवटी सुपारी तिच्यापुढं टाकली आणि परत फिरलो.

करडू म्हणून हसले, ते गिळलं. हे गिळणार नाही. लिंबाजीला निरोप धाडला आहे, की पाटलाशी सोयरीक करायला आधी घरात माणसं लागतात. धुरपदाबाई हल्ली माझ्या ताटात भाकरी लांबून टाकते. कडू जोत्यावर बसून असते. तिला हे घर पसंत होतं म्हणे. दार बंद करणारं घर पसंत होतं!

महारुद्रराव


सोलापूर
ता. २४ फेब्रुवारी १९४६

दाजी,

आजवर मला वाटायचं, की तुमच्यात नुसता गर्व आहे, मूर्खपणा चाँदपाशाचा. चाँदपाशाची मी माफी मागतो.

लिंबाजी पाटील काल माझ्या दुकानात आले होते. वाटेत गाडी बदलत, उपाशी, फक्त एक प्रश्न विचारायला. स्टुलावर बसले आणि म्हणाले, “बब्रुवानराव, पाटलास्नी आमचं काय टोचलं? आमी त्येंच्या वाटंकडं डोळं लावून बसलो हुतो. त्यो लेव्हीवाला मधीच उगवला. त्यो गेला आन् मागून पाटलांचा निरोप आला, सोयरीक न्हाय म्हणून.”

मी विचारलं, लेव्हीवाल्याला कुणी डोळ्यांनी पाहिलं का? ते म्हणाले, बघायला कोण थांबतंय, भोंगा ऐकला की समजायचं. दाजी, त्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातलं पेव उघडलं होतं. तुम्हाला माहीत आहे, वर्षाचा जोंधळा ते लोक जमिनीखालच्या पेवातच ठेवतात. तुम्हाला आणि सगळ्या भावकीला जेवायला घालायचं म्हणून पोती वर काढली होती. तेवढ्यात शिवेवर तुमचा भोंगा. लेव्हीच्या साहेबाचा आवाज त्या गावातलं तान्हं मूलसुद्धा ओळखतं. तुमच्यासाठी काढलेला जोंधळा त्यांनी तुम्हालाच भिऊन परत पेवात लोटला, तोंडावर फरशी टाकली, वर शेण, कडबा आणि म्हैस. मग दारं लावून सगळे रानात. तो खालीवर होणारा पटका ज्ञानोबाचा होता. आजीला पळता येत नाही, तिला पाठीवर घेऊन तो बसला होता. तुम्ही जेवढा वेळ वाजवलंत तेवढा वेळ ती म्हातारी उन्हात होती.

तुमच्या बाजारात माणसं उठून उभी राहतात ना, ती पळायला उभी राहतात. गुंडाप्पा वाणी आत जातो तो पोती झाकायला. साहेब तुमच्याकडं जेवतो, म्हणून हे तुम्हाला दिसत नाही.

मी लिंबाजींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “पोरगी आमच्या म्हातारीला लई आवडलीया. पाटलांनी निस्तं यावं.” तेव्हा भोंगा काढा. ते जुनं करडू पुन्हा बसवा आणि जाऊन या. तुम्हाला शोभतं तेच.

बब्रुवान


भूम
ता. ६ मार्च १९४६

बब्रुवान,

तुझी भाषा तुझ्या दुकानासारखीच आहे. उत्तर देण्याच्या लायकीची नाही, तरी एक बातमी कळवतो.

सुपारी फुटली. भोंगा काढला नाही, काढणारही नाही. भ्याले ते आणि भोंगा मी काढायचा? मी दगडोबाला खडकवाडीत पाठवून दवंडी दिली, की यापुढं हा आवाज आला तर कुणी पळायचं नाही. तो भूमचे महारुद्रराव पाटील, तुमच्या गावचे व्याही, यांच्या मोटारीचा आहे. नीट समजावून सांगितलं की अडाणी माणसालाही कळतं. परवा शिवेपासून वाजवत गेलो, तर गाव वेशीत उभं. ताशा लावला होता. म्हातारीनं स्वतः ताट घेऊन ओवाळलं. सूपही हातातून पडलं नाही आणि करडूही निघालं नाही. ज्ञानोबा तसा बरा आहे, जरा कमी बोलतो.

लग्न वैशाखात, खडकवाडीला, त्यांच्या दारात. कडू हल्ली जेवते. तू मामा म्हणून येशील तेव्हा स्वच्छ कपडे घालून ये.

महारुद्रराव


सोलापूर
ता. १२ मार्च १९४६

दाजी,

पत्र वाचून कपाळावर हात मारला, तो अजून तिथंच आहे. तुमच्या डोक्यावर एवढा मोठा फेटा कशाला, खाली झाकायला आहे काय? मोटारीला बुद्धी नसते म्हणून ड्रायव्हर लागतो. तुमच्या बाबतीत देवानं ती सोय केली नाही. माझ्या दुकानातलं स्टूल तुमच्यापेक्षा बरं, त्याच्यावर निदान बसता येतं. दवंडी देऊन मूर्खपणा जाहीर करणारा पाटील मी पहिलाच पाहिला.

आता थट्टा नाही. लेव्हीच्या साहेबाच्या मोटारीला अजून तोच भोंगा आहे. तुम्ही गावाला शिकवलंत, की तो आवाज आला तर पळू नका. उद्या तो खरोखर आला तर? लग्नासाठी सगळी पेवं उघडलेली असतील. दाजी, हात जोडतो, दगडोबाला आजच परत पाठवा आणि दवंडी मागं घ्या. भोंगा लगेच काढून टाका. उत्तर धाडा.

बब्रुवान


भूम
ता. २९ एप्रिल १९४६

बब्रुवान,

भोंगा तुला परत पाठवणार होतो. तो मोटारीवर नाही. मोटार विकायची आहे, गिऱ्हाईक बघ. जे मिळेल ते घे.

बाकी काही विचारू नये.

महारुद्रराव


भूम
ता. ५ मे १९४६

मामा,

बाकी काही विचारू नये असं आबांनी तुम्हाला लिहिलंय, म्हणून मीच सांगते.

मागच्या पंधरवड्यात खडकवाडीच्या शिवेवर भोंगा वाजला. लग्नाची दळणं चालली होती, भावकीतली सगळी पेवं उघडी होती. कुणी पळालं नाही. व्याही आले म्हणून आजी ओवाळायचं ताट घेऊन वेशीत गेल्या. ताशेवाला वाजवायला लागला. मोटारीतून लेव्हीचा साहेब उतरला. त्याला आधी वाटलं, गाव आपला सत्कार करतंय. कपाळाला कुंकू लावून घेतलं. मग चार पावलं पुढं गेला आणि त्याला उघडी पेवं दिसली. लपवलेलं धान्य म्हणून सगळ्यांचं सगळं गाड्यांत भरून नेलं. बियाणंसुद्धा ठेवलं नाही.

लिंबाजी मामंजींचा निरोप आला. “पोरगी चांगली हाय, पर तिचा बाप आमाला लई म्हाग पडला. लगीन न्हाय.”

तुमचं मार्चातलं पत्र मला कोनाड्यात सापडलं. बंदच होतं. आबा म्हणाले, “बब्रुवानच्या शिव्या वाचाया म्या चष्मा लावत न्हाय.” मी फोडलं. वरच्या ओळींत शिव्याच होत्या. कामाचं त्याच्या खाली होतं. मामा, तुम्ही इतकी वर्षं आबांना टोमणेच लिहिलेत, म्हणून कामाचं लिहिलंत तेव्हा ते कुणी वाचलं नाही. आणि लेव्हीचा भोंगा आहे हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही ते गंमत म्हणून लिहिलंत आणि वर कातड्याची चकती दिलीत. आबांना भीती आणि मान यातलं काही कळत नाही, तुम्हाला कळतं आणि तरी तुम्ही हसत बसता. मला दोघांचाही संताप आला आहे. लग्न माझं होतं. भोंगा हवा का, असं मला कुणी विचारलं नाही. मला करडाचाच आवाज आवडायचा.

मग मी काय केलं ते ऐका. तुमचा पाना घेतला आणि मोटारीपाशी गेले. चाँदपाशा म्हणाला, “बेटी, ये मर्दों का काम है, नक्को.” मी त्याला चकती धरायला दिली आणि भोंगा उतरवला. तिकडं आईनं आमचं पेव उघडलं. ते काठोकाठ भरलेलं आहे, साहेब आमच्याकडं जेवतो ना. आबा पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसले. म्हणाले, माझ्या पेवाला हात लावायचा नाही. आई म्हणाली, “तुमी वाजवायचं काम केलं, आता म्या भरायचं करते. उठा.” ते उठले नाहीत.

मी त्यांना सांगितलं, मला आंदणात भांडी नकोत, पलंग नको, डागदागिने नकोत. जोंधळा द्या, त्या सगळ्या भावकीला पुरेल एवढा, आणि लग्नाच्या आधी द्या. नाहीतर मी जन्मभर याच घरात बसेन, आणि तुम्ही जेवायला बसलात की रोज समोर येऊन करडासारखी ओरडेन. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं मारतील. मग उठले, आणि पोत्याचं तोंड धरायला स्वतः वाकले. आबांना न बोलता काम करताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला रडू आलं.

गाड्या दगडोबा घेऊन गेला. पहिल्या गाडीत पोत्यांवर आई बसली होती आणि तिच्या मांडीवर भोंगा होता. मी आईजवळ निरोप दिला होता, की हा शिवेवरच्या चिंचेला आवळून बांधा. बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. तिथं गुरं राखणाऱ्याला मोटारीचा धुरळा दिसला की त्यानं दट्ट्या दाबायचा. आता हा आवाज व्याह्यांचा नाही. हा आवाज आला की पळायचं.

मामंजींचं उत्तर आईबरोबर आलं. “जोंधळा उतरून घेतला. भोंगा बांधला. आमच्या दारात आता मांडव घालवत न्हाय, लगीन तुमच्या दारात करा. पोरीला आमी न्यायला येतो.”

तेव्हा लग्न पौर्णिमेच्या आत, इथंच. मामा म्हणून तुम्हाला माझ्या पाठीशी उभं राहायचं आहे. आबाही तिथंच असतील. दोघांनी एकमेकांना काही बोलू नका.

कडू


खडकवाडी
ता. ९ जून १९४६

मामा,

चोळखण शिवला, छान बसला. मामींना सांगा.

चिंचेवरचा भोंगा आजवर दोनदा वाजला. दोन्ही वेळा साहेबाला म्हैस भेटली. दुसऱ्या वेळी त्यानं दारात मोटार उभी करून किती वाजवला म्हणता! आम्ही सगळे रानात. आजी यांच्या पाठीवर बसून हसत होत्या. मी आजींच्या तोंडावर पदर धरला होता.

काल आबा आले. मोटार गेली तेव्हापासून घराबाहेर पडले नव्हते, असं आई म्हणाली. बैलगाडीनं आले, डोक्याला साधा पटका. गुरं राखणारे बब्रुवान अण्णा, इथंही एक तुमच्या नावाचे आहेत, ते सांगत होते की शिवेवर पाटलांनी गाडी थांबवली, उतरले, भोंग्याकडं बघत उभे राहिले, आणि खिशातून बाटली काढून दट्ट्याच्या भोकात तेलाचा थेंब सोडला. मग गाडीत न बसता बैलांच्या बाजूनं चालत आले.

आजी ओसरीवर पाखडत बसल्या होत्या. त्यांना आता लांबचं दिसत नाही. घुंगरांचा आवाज आला, तो अंगणात थांबला. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि आतल्या बायकांना हाक मारली, “बघा गं, मानूस आलंय. पानी आना.”

कडू